निवाऱ्यातील थोराड कुत्रा घरी आणताना

कोल्हापूर शहराची वेस ओलांडून पन्हाळा, राधानगरी अथवा गडहिंग्लजकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले म्हणजे उसाच्या फडांमधून डोके वर काढणारी मळ्यावरची घरे दिसू लागतात. त्यांतील बहुतेकांच्या दारात कुत्रा असतो. पूर्वी तो गावठी असे. घरच्या भाकरीवर वाढलेला, ऊन-पावसाला सरावलेला आणि रात्री परके पाऊल ओळखणारा असा हा राखणदार कोणी विकत आणत नसे. तो आपसूकच घरचा होऊन जाई. अलीकडच्या काही दशकांत या चित्रात बदल झाला आहे. अल्सेशियन, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, ग्रेट डेन यांसारखी थोराड बांध्याची कुत्री शहरातील बंगल्यांप्रमाणेच मळ्यांवरही दिसू लागली, आणि त्यामागोमाग एक नवा प्रश्न उभा राहिला. हौसेने आणलेले पिलू वर्षा-दीड वर्षात तीस-चाळीस किलोंचे झाले की ते घराला जड होते. मग त्याची रवानगी कोठे होते? कधी प्राणिमित्रांच्या निवाऱ्यात, कधी पांजरपोळाच्या दारात, आणि पुष्कळदा महामार्गाच्या कडेला.

अशा निवाऱ्यातून मोठा कुत्रा आपल्या घरी आणावा काय, आणि आणावयाचा तर कोणती काळजी घ्यावी, याविषयी ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्याकडून वारंवार विचारणा होते. हा निर्णय एका घराचा असला तरी त्याचे परिणाम शेजाऱ्यांना, गल्लीतील मुलांना आणि पर्यायाने गावाला भोगावे लागतात, म्हणून त्याचा थोडा तपशिलाने विचार करणे इष्ट ठरेल.

जुनी परंपरा, नवे निवारे

मुक्या जनावराला आश्रय देण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. नृसिंहवाडीला दत्तदर्शनास जाणारा भाविक दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान पाहतो. जेजुरीच्या खंडोबाच्या परिवारातही कुत्र्याला मान आहे. मेंढ्यांचे कळप घेऊन घाटावरून कोकणात आणि कोकणातून घाटावर फिरणारा धनगर लांडग्यापासून कळप राखण्याचे काम कुत्र्यावर सोपवून निर्धास्त झोपत आला आहे.

संस्थात्मक आश्रयाचा इतिहासही महाराष्ट्रातच सापडतो. १८३२ साली मुंबईत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाजाने त्याला कडाडून विरोध केला, दुकाने बंद झाली आणि दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई व इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ चे. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकामुळे या विषयाला चालना मिळाली. त्यातूनच १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम संमत झाला आणि १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ अस्तित्वात आले.

थोराड कुत्र्यांबाबतही आपण दूर पाहण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या शेजारी, घटप्रभेच्या काठी असलेल्या मुधोळ या घोरपडे घराण्याच्या संस्थानात उंच, सडपातळ व वायुवेगाने धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांची जात जोपासली गेली. आपल्याकडे तिला कारवान असेही म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने भारतीय जातींच्या कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता, आणि पुढे भारतीय सैन्यानेही या जातीची कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली. तथापि, ही जात सशामागे धावण्यासाठी घडलेली आहे, हे विसरून चालणार नाही. ससा असो वा रानडुक्कर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली कुत्रे लावून त्यांची शिकार करणे हा गुन्हा होय. तेव्हा असा कुत्रा पाळणाऱ्याने त्याच्या धावण्याची सोय कुंपणाच्या आतच केली पाहिजे.

मोठे कुत्रे निवाऱ्यात का येतात?

हे नीट समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. सर्वसाधारण समजूत अशी, की निवाऱ्यात आलेला मोठा कुत्रा म्हणजे चावरा, बिघडलेला कुत्रा. वस्तुस्थिती बहुधा वेगळी असते. मालकाची बदली होते, जुना वाडा पाडून सदनिका होते, घरातील ज्या म्हाताऱ्या माणसाचा कुत्र्याला लळा होता ते माणूस जाते, घरात तान्हे मूल येते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे खर्च व व्यायाम या दोन्हींचा अंदाज आधी घेतलेला नसतो. लहान चणीच्या कुत्र्याला मावशीच्या घरी तरी जागा मिळते. चाळीस किलोंच्या कुत्र्याला ती मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

दुसरे कारण भीतीचे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींच्या पाळण्यावर व विक्रीवर निर्बंध घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठविले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेतल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरविले. न्यायालयांतील हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कुत्र्याची जात त्याच्या अंगी किती ताकद आहे हे सांगते. ती ताकद तो कोणावर आणि केव्हा वापरील हे त्याचा सांभाळ सांगतो. तालमीच्या या गावाला हे पटवून देण्याची गरज पडू नये. खुराक पैलवानाची आणि मेहनत शून्य असे झाले तर माणूससुद्धा बिघडतो, मग बारा महिने साखळीला बांधलेले जनावर बिघडले तर नवल ते काय? मात्र ताकद हीच भूषण मानून दोन कुत्र्यांची झुंज लावण्याची जी हौस काही तरुणांत दिसते, ती १९६० च्या अधिनियमाप्रमाणे गुन्हा ठरते, हे गावातील जाणत्यांनी त्यांच्या कानावर घालावे.

निवड करताना

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत पिलापेक्षा प्रौढ कुत्रा घेणे अधिक शहाणपणाचे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. पिलू किती वाढेल, त्याचा स्वभाव कसा निघेल, याचा नुसता तर्क करावा लागतो. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याची वाढ पुरी झालेली असते आणि जे असेल ते समोर दिसते. मात्र थोराड जातींचे आयुष्य लहान जातींहून कमी असते. ग्रेट डेनसारखा कुत्रा सात-आठ वर्षांतच म्हातारा होतो, अल्सेशियन साधारणतः नऊ ते तेरा वर्षे जगतो. सहा वर्षांचा कुत्रा घेणाराने त्याच्या वार्धक्याची तयारी ठेवूनच तो घ्यावा.

निवाऱ्यात एकदाच जाऊन कुत्रा पसंत करू नये. निदान तीन खेपा घालाव्यात, त्याही वेगवेगळ्या वेळी. पिंजऱ्यात भुंकणारा कुत्रा रागीट असतोच असे नाही, आणि कोपऱ्यात गप्प बसलेला कुत्रा गरीब असतो असेही नाही. तो भेदरलेला असू शकतो, आणि भेदरलेले जनावर अधिक चटकन चावते. पहिल्या खेपेला दुरून पाहावे. दुसऱ्या खेपेला पट्टा लावून निवाऱ्याच्या माणसाबरोबर त्याला फिरवावे, तो किती ओढतो, दुसरे कुत्रे दिसताच काय करतो, सायकल किंवा मोटारसायकल गेली तर बिथरतो काय, हे न्याहाळावे. तिसऱ्या खेपेला घरातील सर्व माणसे, विशेषतः मुले आणि वडीलधारी मंडळी, बरोबर न्यावीत. घरात एकजण जरी मनातून नाराज असेल तरी बेत पुढे ढकललेला बरा.

विचारपूस व्यवस्थापकाकडे करावीच, पण रोज त्याच्यापुढे अन्नाचे भांडे ठेवणाऱ्या माणसाकडे अवश्य करावी. त्याला जे ठाऊक असते ते दप्तरात नसते. कुत्रा कोणी आणून सोडला, का सोडला, पूर्वी कोणाला चावला आहे काय, जेवताना जवळ गेलेले त्याला चालते काय, कोंबड्या, शेळ्या, वासरे यांची त्याला सवय आहे काय, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. मळ्यावर राहणाऱ्यांच्या दृष्टीने शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. शेजाऱ्याच्या चार कोंबड्या पहिल्याच आठवड्यात मारल्या गेल्या, तर कुत्रा पुन्हा निवाऱ्यात जातो, आणि एकदा परत आलेल्या कुत्र्याला दुसरे घर मिळणे अवघड होऊन बसते.

कागदपत्रांमध्ये रेबीज प्रतिबंधक लस टोचल्याचा दाखला, निर्बीजीकरणाची नोंद व दत्तकपत्र ही तिन्ही मागून घ्यावीत. रस्त्यावरील कुत्रा दत्तक घ्यावयाचा असल्यास, सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितल्याप्रमाणे संबंधित नगरसंस्थेकडे अर्ज करता येतो. कुत्र्याला खूण करून तो अर्जदाराच्या हवाली केला जातो आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी अर्जदारावर राहते.

घरातील पहिले दिवस

नवा पाहुणा आला म्हणजे आपल्याकडे बघ्यांची गर्दी जमते. कुत्र्याच्या बाबतीत ही गर्दी कटाक्षाने टाळावी. त्याच्यासाठी एक शांत, सावलीची जागा ठरवावी, पहिले काही दिवस एकाच माणसाने ठरावीक वेळी त्याला खाऊ घालावे व फिरवावे. आल्या दिवशी आंघोळ घालण्याची घाई करू नये. जेवताना, झोपेत असताना मुलांनी त्याला हात लावू नये, आणि लहान मूल व कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र सोडू नये. हा नियम पहिल्या आठवड्यापुरता नव्हे, तर कायमचा आहे. पहिले तीन-चार दिवस तो खाणार नाही किंवा रात्री रडेल. दोन-तीन आठवड्यांत त्याला घराचे वेळापत्रक समजू लागते. पुरते रुळण्यास दोन-तीन महिने लागतात. पंधराव्या दिवशी तो गुरगुरला म्हणून निराश होणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

कुंपणाची उंची आधीच पाहावी. मोठा कुत्रा चार फुटी भिंत सहज ओलांडतो. घरात गुळगुळीत फरशी असेल तर त्याच्या वावरण्याच्या जागी गोणपाट अंथरावे. थोराड जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पुष्कळदा आढळतो आणि घसरणाऱ्या फरशीवर तो बळावतो.

खुराक आणि खर्च

पस्तीस किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी सुमारे दीड हजार उष्मांक लागतात. थोडक्यात, घरात एक खाणारे माणूस वाढते. ज्वारीची भाकरी, भात, अंडी, शिजवलेले मांस, थोडी डाळ व भाज्या यांवर तो चांगला राहतो. मात्र नुसत्या भाकरी-दुधावर एवढे मोठे शरीर पोसले जात नाही. जंताचे औषध, गोचिडांवरील औषध आणि शस्त्रक्रियेतील भूल ही सारी वजनाच्या प्रमाणात द्यावी लागतात, म्हणून मोठ्या कुत्र्याचा औषधपाण्याचा खर्च लहान कुत्र्याच्या दुप्पट-तिप्पट होतो. रेबीजची लस तेवढी लहान-मोठ्या सर्वांना सारख्याच मात्रेची असते.

कोल्हापूरकरांना येथे एक खास सूचना द्यावीशी वाटते. रविवारी मटणाचा बेत झाला म्हणजे उरलेली हाडे आणि रश्श्यात कालवलेली भाकरी कुत्र्यापुढे ठेवण्याची प्रथा घरोघर आहे. यात प्रेम असले तरी धोका दुहेरी आहे. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या टोकदार कपच्या घशात अथवा आतड्यात रुततात. तांबड्या रश्श्याच्या वाटणातील कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो. द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट हीही त्याला विषासमान. तेव्हा त्याचा वाटा मसाला पडण्यापूर्वीच बाजूला काढलेला बरा.

रुंद व खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना पोटात वायू धरून पोटाला पीळ पडण्याचा एक घातक विकार होतो. दिवसातून एकदाच पोटभर खाऊ घालणे व खाल्ल्याबरोबर पळविणे यांमुळे त्याची शक्यता वाढते. म्हणून अन्न दोन-तीन वेळांत विभागून द्यावे आणि त्यानंतर तासभर विश्रांती द्यावी. पोट ढोलासारखे फुगले, कुत्रा ओकारी काढतो पण काहीच पडत नाही, अशी लक्षणे दिसताच रात्र असो वा दिवस, पशुवैद्यकांकडे धाव घ्यावी. सकाळपर्यंत वाट पाहिल्यास कुत्रा हातचा जातो.

साखळी, बिबट्या आणि कायदा

राखणीसाठी आणलेला कुत्रा दिवस-रात्र बांधून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रूढ आहे, की ती कायद्याविरुद्ध जाऊ शकते हे सांगितल्यास अनेकांना आश्चर्य वाटेल. १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे अवाजवी आखूड वा जड साखळीने जनावराला अवाजवी काळ बांधणे, तसेच नेहमी बांधून अथवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला त्याच्या मालकाने पुरेसा व्यायाम न देणे, ही क्रूरता होय. जनावराला वाजवी कारणाशिवाय टाकून देणे हाही याच कलमाखालील गुन्हा आहे. पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच राहिला आहे. एवढ्या रकमेत आज कुत्र्याचे एक वेळचे जेवणही येत नाही.

मालकाच्या हलगर्जीपणामुळे कुत्र्यापासून माणसाच्या जिवाला अथवा शरीराला धोका संभवत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. थोराड कुत्रा रस्त्यावर नेताना भक्कम पट्टा असावा, तो आवरू शकेल अशा माणसाच्या हाती असावा, आणि गर्दीत जाळीचे मुसके बांधावे. मुसके असे असावे, की कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता याव्यात. त्याला घामावाटे शरीर गार ठेवता येत नाही. उन्हाळ्यात तोंड आवळून बांधल्यास तो कोसळतो.

साखळीचा आणखी एक तोटा डोंगरपट्ट्यातील गावांना ठाऊक आहे. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी या भागांत बिबट्याचा वावर असतो आणि अंगणात बांधलेला कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात बिबट्याच्या आहारात, भक्ष्याच्या वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा असल्याचे आढळले. कुत्रा मोठा आहे म्हणून तो बिबट्याला भारी पडेल हा भ्रम आहे. बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. रात्री त्याला पडवीत, दाराच्या आत घेणे हाच उपाय. त्याचे भुंकणे आतूनही ऐकू येते.

रेबीज

याविषयी थोडक्यात, पण निक्षून सांगावयास हवे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वा जनावर क्वचितच वाचते. निवाऱ्याचा दाखला असला तरी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी लस टोचून घ्यावी. तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात याची माहिती मिळते. कुत्र्याने चावा घेतला अथवा नखाने ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. लसीचे वेळापत्रक अर्धवट सोडू नये, आणि जखम खोल असेल तर लसीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही आवश्यक असते, याची चौकशी डॉक्टरांकडे करावी. शिक्षकांनी हे वर्गात सांगितल्यास फार उपयोग होईल, कारण कुत्रे चावल्याचे मार भीतीने मुले घरी सांगत नाहीत.

गावाच्या पातळीवर, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व लसीकरणाची व्यवस्था स्थानिक संस्थेकडे, तर पाळीव कुत्र्यांची जबाबदारी मालकाकडे येते. ग्रामपंचायतीने गावातील पाळीव कुत्र्यांची एक साधी वही ठेवली, मालकाचे नाव, कुत्र्याचे वर्णन आणि लसीची तारीख एवढेच तीन रकाने घातले, तरी कोणता कुत्रा कोणाचा, हा वाद चावा झाल्यानंतर उपस्थित होणार नाही.

पावसाळा व महापूर

पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो, म्हणून त्याची लस वेळेवर द्यावी. ओलीत बसल्याने कातडीला चट्टे पडतात, त्यासाठी जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळी पुरेशी होते.

पंचगंगा, कृष्णा व वारणाकाठच्या गावांना २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांचा अनुभव आहे. चिखली, आंबेवाडीसारखी गावे पाणी चढू लागताच खाली करावी लागतात, आणि अशा वेळी पन्नास किलोंचे घाबरलेले जनावर बोटीत चढविणे हे बचाव पथकालाही सोपे नसते. पूररेषेत राहणाऱ्याने आपला कुत्रा कोणाकडे पोचवावयाचा ते मृग नक्षत्रापूर्वी ठरवून ठेवावे, त्या घरी त्याला एक-दोनदा नेऊन आणावे आणि मुसके बांधून घेण्याची सवय लावावी. लसीचा दाखला घरच्या कागदपत्रांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत असावा. इशारा मिळताच पहिल्याच फेरीत, रस्ते उघडे असतानाच, कुत्र्याला हलवावे. तेही न साधले आणि घर सोडणे भागच पडले, तर निघण्यापूर्वी गोठ्यातील दावी सोडतो त्याप्रमाणे त्याच्या गळ्यातील साखळी आठवणीने काढावी.